मागच्या सीटला विचारणारा मिस्त्री

नेरच्या कापूस बाजारासमोरचा आमचा मिस्त्री गाडीच्या मालकाला कधीच काही विचारत नाही. तो मागं बसणाऱ्याला विचारतो. "मालक खोटं बोलते, मागच्याले सारं समजते," हे तो माझ्या तोंडावर सांगतो.

पन्नाशीत हौसेनं घेतलेली माझी लांबलचक क्रूझर मोटारसायकल त्या दिवशी तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा "आजच विकायची" असं बायकोनं भर रस्त्यात जाहीर केलं. गाडी ढकलत मिस्त्रीकडे नेली. मी प्लग, बॅटरी, पेट्रोल असं मोबाइलवर मिळवलेलं ज्ञान सुरू केलं. त्यानं हातानंच मला थांबवलं आणि स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"वहिनी, तुमी सांगा. कवा बंद पडते?"

"डावीकडे वळलं की. उजवीकडे वळलं तर नाही पडत. या माणसाले मी महिनाभरापासून सांगून राह्यली!"

त्यानं हेडलाइट खोलला, हँडल डावीकडे फिरवलं. घासून तुटत आलेली वायर तिथंच ताणली जात होती. "वाह, वहिनी!" तो इतक्या जोरात ओरडला की चहावाला गाळणी घेऊनच धावत आला.

वायर जोडून त्यानं बटण दाबलं. हँडल पार डावीकडे वळवलं, तरी गाडी धडधडत राहिली. बायकोनं चक्क टाळ्या वाजवल्या.

"मंग, विकता काय?" त्यानं तिलाच विचारलं.

"कायले? रोग तर मीच पकडला ना!"

गाडी बंद करून त्यानं चावी काढली. मी हात पुढे केला. त्यानं चावी तिच्या तळहातावर ठेवली. मला ती तिच्याकडून मागून घ्यावी लागली, आणि खरं सांगतो, मागताना मला हसू आवरत नव्हतं.