अपेक्षाच्या डोलीचा फोटो

प्रमोदिनीबाईंना कुणी 'लढवय्या' म्हटलं असतं, तर त्यांनी आधी त्याची वही तपासायला मागितली असती. पोलादपूरच्या शाळेत भूगोल शिकवणारी करड्या आवाजाची बाई. दोन हजार आठ साली, चाळिशी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकल्या आणि ऑर्कुट या वेबसाइटवर 'आमच्या वाडीला रस्ता' नावाचा ग्रुप काढून बसल्या. कुडपणच्या पलीकडच्या त्या वाडीवर त्यांनी नोकरीची पहिली सहा वर्षं काढली होती. तिथून आजारी माणूस अजूनही डोलीतून, म्हणजे बांबूला बांधलेल्या घोंगडीतून, खाली आणावा लागे. रस्ता मंजूर करणारे साहेब लोक विचारत, "याला पुरावा काय?"

गुरुवारी पुरावा मिळाला. वाडीतल्या अपेक्षाची डोली उतरली. सातवा महिना होता, बाळ वाटेतच गेलं. बाईंनी फाट्यावर फोटो काढला आणि त्याच दुपारी तिच्या नावासकट ग्रुपवर चढवला. मुंबईतल्या वाडीकरांनी खाली पाठिंब्याची तीनशे नावं लिहिली. सोमवारी साहेबांकडे बैठक ठरली. बाईंचे पाय जमिनीवर नव्हते.

शनिवारी शाळा सुटली तर फाटकात बयाबाई उभी, अपेक्षाची सासू.

"बाई, प्रवीणला आमी कायच सांगितलं नव्हतं."

वाडीची रीतच तशी. वाईट बातमी फोनवर द्यायची नाही. 'आईला बरं नाही, ये' एवढंच म्हणायचं. माणूस घरात येऊन पाणी प्यायला की मग सांगायचं.

"त्यानं मुंबैला हापिसात बघितलं. कोण दोस्त म्हनाला, ही तुझी बायको नाय का रे? कालपासनं फोन उचलत नाय माझा पोर. तो फोटो काढून टाका."

"सोमवारी बैठक आहे, बयाबाई. तोच एक पुरावा आहे."

"तुमचा पुरावा हाय. माझी सून हाय."

बाईंना राग आला, खोटं कशाला बोला. रस्ता काय त्या स्वतःसाठी मागत होत्या? बयाबाई जवळ सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "बारा वर्सं झाली. तुमचं मी कुठं बोलले का?"

बाईंचा चेहरा उतरला. बारा वर्षांपूर्वी त्याच वाटेने, तशाच डोलीतून त्यांना नेताना, त्यांची मुलगी जन्मताच गेली होती. बयाबाईने त्यांचं डोकं मांडीवर धरलं होतं. बाई मात्र सगळ्यांना सांगत आल्या, मुंबईच्या दवाखान्यात गेली म्हणून.

भारनियमनामुळे दुपारी बारा वाजता वीज जाणार होती. पावणेबाराला त्या सायबर कॅफेत पोचल्या. पान उघडता उघडेना. फोटो काढून टाकला की त्याखालची तीनशे नावंही जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी फोटो काढून टाकला.

मग घाईघाईने लिहायला घेतलं. स्वतःचं नाव, बारा वर्षांपूर्वीची तारीख, मुलीचं वजन. डोली वाहणाऱ्या चौघांची नावं, त्यात पहिलं बयाबाईच्या नवऱ्याचं, कुशाबाचं. शेवटचं बटण दाबलं आणि दिवे गेले. गेलं की नाही, तेही कळेना.

रविवारी सकाळी कॅफे उघडायच्या आधीच त्या दारात हजर होत्या. मजकूर गेला होता. खाली एकच उत्तर, प्रवीणचं:

"बाई, बाबांनी हे कधीच सांगितलं नाय. मी घरी निघालोय. अपेक्षाचं नाव नको. उद्या साहेबांसमोर मी बोलतो."