रिकाम्या पाट्या

ओल्या चुन्याचा वास आला की कल्याणचं ते मैदान आठवतं. आट्यापाट्यांचे सामने होते. हरेल तो संघ घरी, जिंकेल तो पुढे. शेवटचा सामना आमचा आणि कोपरकरांचा. त्यांची शेवटची पाटी, म्हणजे चुन्याची आडवी रेघ, माझा मामेभाऊ धरायचा, आणि त्याला चुकवून मी कधीच पलीकडे गेलो नव्हतो. उन्हं कलली तरी कोपरचं कोणी येईना. मग खाडीकडून माझा मामा एकटाच चालत आला. म्हणाला, "थांबू नका रे. गावान पिलेग आयलाय. माझा पोर परवाच गेला." प्लेगचं नाव ऐकून पंचांनी मान खाली घातली. "तुम्ही जिंकलात," ते पुटपुटले, "पण रिवाजाप्रमाणे पाट्या ओलांडाव्या लागतील." चुन्याच्या त्या पांढऱ्या रेघा अडवायला कोणी नव्हतं. आमचे गडी एकेक करून ओलांडत गेले. शेवटच्या पाटीवर सवयीनं मी डावीकडे हूल दिली आणि तिथेच थिजलो. मामा बाजूला उभा होता. म्हणाला, "जा रे पोरा, आता कोन अडवतंय तुला?" मी गेलो. माझ्या गळ्यात हार पडला. आज या म्हातारपणीही जमिनीवर चुन्याची रेघ दिसली की माझा पाय अलीकडेच अडतो.