सासूला कर्ली म्हणतात

त्या बाई आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा मी शाळेत होते. गावोगाव हिंडून माणसांच्या चालीरीती आणि बोली टिपून घेणारी बाई आमच्या विजयदुर्गाकडे तोवर कोणी पाहिली नव्हती. चार दिवस त्या आमच्याकडेच राहिल्या. माझी विधवा आते त्यांना जेवू घालायची. त्यांच्या गोड बोलण्याला भुलून तिने मनातलं सांगून टाकलं. नवरा दर्यात बुडाल्यावर होडी हाकणाऱ्या एका तांडेलाशी पुन्हा संसार मांडावा, असं तिला वाटलं होतं.

वर्षभराने मुंबईच्या मासिकात बाईंचा लेख आला. आतेचं नाव नव्हतं, पण तिच्या हातावरचा भाजल्याचा डाग होता. गावाला तेवढं पुरलं. विहिरीवर ती दिसली की बायका गप्प व्हायच्या. माझ्या वडिलांनी, तिच्या सख्ख्या भावाने, तिच्याशी बोलणं टाकलं. आते घराबाहेर पडेनाशी झाली.

मी ते विसरले नाही.

पुढे मी देवगडात शिक्षिका झाले आणि बाई पुन्हा आल्या, या खेपेला नात्यांचे शब्द गोळा करायला. त्यांनी मला ओळखलं नाही. शिकलेली मुलगी म्हणून माझ्यासमोरच वही उघडली.

"सासूला काय म्हणता?"

"कर्ली."

"थोरल्या दिराला?"

"शिंगाळो."

"नणंदेला?"

"मुडदुशी."

सगळी मासळीची नावं. त्या भराभरा लिहीत होत्या, आणि माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.

दोन दिवसांनी आमच्याच शाळेत त्यांचं व्याख्यान झालं. हे शब्द फार जुने असावेत, असं म्हणून त्यांनी यादी वाचली. मुलं आणि गावकरी मिळून सगळा वर्ग खो खो हसत सुटला. मागून एक म्हातारा खलाशी ओरडला, "बाईनु, तुमच्याकडे सासू वाट्यान इकतत काय?"

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. नंतर मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "का केलंस हे?"

मी आतेची ओळख सांगितली.

"पण मी नाव कुठे लिहिलं होतं?"

"नाव नाय लिवलात. डाग लिवलात मा?"

बाईंनी वही मिटली. त्याच दुपारच्या गाडीने निघून गेल्या.

विजयदुर्गाला घरी येऊन आतेला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"सासूक काय म्हटलंस?"

"कर्ली."

"बरां केलंस. काटेच काटे."

एवढंच म्हणाली. आते त्यानंतरही कधी विहिरीवर गेली नाही. बाई पुढे फार मोठ्या झाल्या, त्यांचे सत्कार झाले. वर्तमानपत्रात फोटो दिसला की मी पान उलटायचे. झाल्या गोष्टीची खंत मला तेव्हाही वाटली नाही, आजही वाटत नाही.