सरांचा अंदाज

सरांना चिखल वाचता यायचा. खाडीकाठी गाडी थांबली की बूट-मोजे काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते सरळ चिखलात उतरायचे. ओंजळभर चिखल नाकाशी धरायचे आणि सांगायचे, पाणी कुठून येतं, कुठे पसरतं, इथे अडवलं तर कुठे वळेल. त्यांचा अंदाज चुकलेला मी कधी पाहिला नाही. म्हणून तर त्यांच्याबद्दलची चीड अजून जात नाही. ज्याला कळतच नाही, त्याला माफ करता येतं.

पेणच्या कॉलेजातून पर्यावरणाची पदवी घेऊन मी अलिबागला त्यांच्या ऑफिसात लागले. एखाद्या प्रकल्पामुळे आसपासच्या पाण्याचं, मातीचं, माणसांचं काय होईल याचे अहवाल आम्ही त्या प्रकल्पाच्या कंपनीकडून पैसे घेऊन तयार करायचो. त्यासाठी खरं तर ऋतूऋतूंत नमुने घ्यावे लागतात, भरतीची पातळी मोजावी लागते. सर मात्र तीन-चार जाणकार मित्रांना विश्रामगृहावर जमवायचे. चहा यायचा, गप्पा रंगायच्या आणि एकेका विषयावर मत पडायचं : परिणाम तीव्र, मध्यम की नगण्य? मित्र आधी सरांच्या तोंडाकडे बघायचे, मग बोलायचे. मी मोजमापाचा विषय काढला की सर म्हणायचे, "बाळ, यंत्र खोटं बोलत नाही, पण फार उशिरा बोलतं."

माणूस लाघवी होता. ड्रायव्हर जेवल्याशिवाय ताटावर बसायचे नाहीत. तिवराच्या खोडावरची गाळाची रेघ बघून भरतीची उंची कशी ओळखायची, हे मला त्यांनीच शिकवलं. गावोगावच्या माणसांशी घरच्यासारखं बोलायचे. लोक विश्वास टाकायचे, आणि तो विश्वास सर गाडीत घालून घेऊन जायचे.

खारेपाटातल्या एका गावाजवळ खाडीकाठची दलदल भरून कंटेनर ठेवायचं आवार व्हायचं होतं. आम्ही पाहणीला गेलो तेव्हा हिराताई बांधावर होत्या. बांधाच्या आत त्यांची भातशेती. त्यांनी विचारलं म्हणून सर चिखलातून वर आले आणि हाताने दाखवत म्हणाले, "भरतीचं पाणी या दलदलीत पसरतं, म्हणून तुमचा बांध टिकलाय ताई. इथे भराव पडला, की मोठ्या उधाणाला पाणी बांधावरून थेट तुमच्या शेतात."

"मंग सायेब, तसाच लिवाल ना?"

"बघू या," सर हसून म्हणाले.

विश्रामगृहावर पाण्याचा विषय निघाला तेव्हा सगळ्यांच्या आधी सरच बोलले, "नगण्य."

"सर, तुम्ही बांधावर तर..."

"बाळ, सगळ्यांना चहा सांग."

मी जागची हलले नाही. चहा दुसऱ्या कोणी तरी सांगितला.

जनसुनावणी गावातल्या शाळेच्या पटांगणात झाली. हिराताईंनी माईक घेतला. "सायेब, बांधावर तुमीच बोललाव, पानी शेतान येल. आता बोलताव काय व्हनार न्हाय. खरा काय?"

सरांच्या आवाजात राग नव्हता. उलट समजूत घालावी तसे म्हणाले, "ताई, तेव्हा मी माणूस म्हणून बोललो. आता तज्ज्ञ म्हणून बोलतोय."

पुढच्या खुर्च्यांवर कोणी तरी हसलं. हिराताई माईक धरून तशाच उभ्या राहिल्या. मी उठले आणि मोठ्याने म्हणाले, "मी तिथे होते. ताई खरं सांगतायत." अधिकारी म्हणाले, "नोंद घेतली," आणि पुढचं नाव पुकारलं. मी सरांच्या गाडीत बसले नाही. एसटीने घरी आले आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.

परवानगी मिळाली, भराव पडला. पावसाळ्यातल्या उधाणाला हिराताईंचा फोन आला. मी गेले तेव्हा लावलेलं भात खाऱ्या पाण्याखाली होतं आणि हिराताई बांधाकडे पाठ करून उभ्या होत्या. तिथूनच मी सरांना फोन लावला. तोंडाला येईल ते बोलले. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाणी बांधावरून आलं ना?"

"हो."

"हं. सांगितलं होतं मी." आवाजात चक्क समाधान होतं.

"लिहायचं होतंत, सर!"

"लिहिलं असतं तर कंपनीने अहवाल दुसऱ्या कोणाकडून करून घेतला असता."

मी फोन ठेवला. पुन्हा कधी आम्ही बोललो नाही.

यंदा सर गेले. शोकसभेला मला बोलावलं, त्यांची लाडकी शिष्या म्हणून दोन शब्द बोलायला सांगितलं. आधीचे सगळे वक्ते सरांच्या नजरेचं कौतुक करून बसले होते. मी हिराताईंच्या शेताची हकिगत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. संयोजक घड्याळाकडे बघत राहिले. सभा संपल्यावर ओळखीची माणसं मला टाळून चपला घालू लागली.

सरांच्या पत्नी मात्र माझ्यापाशी आल्या. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी हळूच विचारलं, "ते शेत आता कसं आहे गं?"

इतक्या माणसांत हे विचारणाऱ्या त्या एकट्याच.

"पडीक आहे, काकू," मी म्हटलं. "हिराताई आता दुसऱ्यांच्या शेतावर लावणीला जातात."