समजलं नाही म्हणणारा माणूस

अकोल्यात कापसाच्या गाड्या बाजाराकडे वळतात त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी बाभळी आहेत. भरलेल्या गाड्या फांद्यांना घासत जातात आणि काट्याकाट्याला पांढरे पुंजके अडकून राहतात. सकाळच्या उन्हात ते फार सुरेख दिसतात, असं नव्यानं आलेले लोक म्हणतात. दिसत असतील. मी मात्र शाळेत जाताना मान खाली घालून चालतो. ज्या पिकानं साऱ्या वऱ्हाडाच्या अंगावर सोनं चढवलं, त्याच्यावर एका मास्तरानं रुसून काय होणार? पण राग आहे खरा, आणि तो जात नाही.

अमरावतीच्या सरकारी शाळेत मी लागलो तेव्हा पुण्याकडची विद्या डोक्यात शिगोशीग भरलेली होती. शिकवणं म्हणजे खणखणीत आवाज, असं माझं ठाम मत. मी ओरडायचं, वर्गानं माझ्यामागून ओरडायचं, आणि रस्त्यावरच्या माणसाला वाटावं की आत केवढं ज्ञान चाललंय! शेजारच्या वर्गावर जवळच्याच खेड्यातल्या शेतकरी घरातला एक मास्तर होता. त्याचा वर्ग कधी कधी इतका शांत असे, की मला तो झोपला असावा असं वाटे. मी त्याला मास्तर म्हणायचो, तो मला मास्तर म्हणायचा. नावाची गरज आम्हाला कधी पडली नाही.

एकदा मी मुलांना विचारलं, मणभर कापूस जड की मणभर सरकी? सगळे ‘सरकी’ म्हणाले. एकटा एक पोरगा म्हणाला, कापूस. सगळेच चुकले होते, पण ह्याचं उत्तर मला अगदीच उफराटं वाटलं आणि माझा हात छडीकडे गेला. मास्तर दारात उभा होता. त्यानं आत येऊन पोराला जवळ घेतलं. “कावून रे? तुले कापूस जड कावून वाटते?”

“माह्या बापाले कापसाच्या दोन खेपा करा लागते,” पोरगा म्हणाला, “सरकीचं एकच पोतं.”

शाळा सुटल्यावर मास्तर मला म्हणाला, “पोरगं चुकते म्हंजे ते रिकामं नाई बसलं. कोनत्या तरी वाटेनं ते चालूनच राह्यलं. ती वाट पाहा पयले, मंग त्याले हाक मारा.” मी वाद घातला. एवढ्या पोरांची एकेक वाट शोधत बसलं तर पुस्तक कधी संपायचं? तो हसला. “पुस्तक संपवाले आलो का आपुन?”

त्या दिवसापासून आमचा एक परिपाठ पडला. मुलं गेली की एकानं त्यांच्या जागी, खाली तरटावर बसायचं आणि दुसऱ्यानं उद्याचा धडा त्याला शिकवायचा. बसणाऱ्यानं खोटं ‘हो’ म्हणायचं नाही, एवढीच अट. तो मांडी घालून बसे आणि मी चार वाक्यं बोललो की म्हणे, “मास्तर, मले नाई समजलं.” सुरुवातीला मी चिडायचो. मग कळायला लागलं, की जिथे तो अडतो तिथे मी स्वतःच काही न समजता पुढे पळालेलो असतो. मी मास्तर झालो तो त्या तरटावरच्या माणसामुळे. पुण्याला नुसता पास झालो होतो.

पुढे समुद्रापलीकडे कुठेशी लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आमच्याकडे कापसाचं वेड आलं. ज्वारीच्या रानांत कापूस उभा राहिला, वेचणीला वर्ग ओस पडू लागले. मास्तरच्या थोरल्या भावानं सरकी काढायचे रेचे बसवले होते. तो एक दिवस शाळेतच येऊन उभा राहिला. “घरी मानसं पुरून नाई राह्यले, अन तू इथं लोकायचे पोरं सांभाळून राह्यला!” मला वाटलं, मास्तर नाही म्हणेल. त्यानं पागोटं नीट केलं, माझ्याकडे पाहिलं. “एका हंगामापुरता जातो, मास्तर. येतोच मंग.”

एका हंगामाचे किती झाले ते मी मोजायचं सोडलं. बंद कोठीत, रेच्यांपाशी, उडणाऱ्या तंतूंत तो दिवसभर उभा असे. लढाई संपली, भाव कोसळला, रेचे थांबले, आणि तो परत आला तेव्हा छातीत श्वास उरला नव्हता. एक वाक्य बोलायला दोनदा थांबे. त्याच्या वर्गावर दुसरा माणूस आला होता. तरी संध्याकाळी तो हळूहळू चालत आला, तरटावर बसला, आणि हातानंच ‘सुरू करा’ म्हणाला. मी शिकवलं. मुद्दाम अवघड जागी घाईनं पुढे गेलो आणि थांबून वाट पाहिली. त्यानं मान डोलावली. समजलं. पुढे गेलो, पुन्हा मान डोलावली. नाही म्हटलं की मागोमाग बोलावं लागतं, आणि तेवढा दम त्याच्यापाशी नव्हता. मी धडा अर्धा टाकून बाहेर गेलो आणि ओसरीच्या खांबाला धरून रडलो.

पावसाळ्याआधी तो गेला. माझी अकोल्याला बदली झाली. आता आगगाडी आली आहे, शाळेला पक्की इमारत होणार म्हणतात, आणि वरिष्ठ माझ्या शिकवण्यावर खूश आहेत. लोक म्हणतात, काळानं सगळं सुसह्य होतं. माझा अनुभव तसा नाही. जी माणसं आपल्याला आपलं काम दाखवून देतात, ती गेली की काम तेवढंच राहतं आणि दिसेनासं होतं.

आज वर्गाला विचारलं, समजलं का? सगळे एका सुरात ‘हो’ म्हणाले. मी बराच वेळ त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहत राहिलो. त्यांच्यातल्या कुणाचं ‘हो’ खरं, हे मला कळलं नाही. आणि ज्याला विचारावं, असा एकही माणूस आता मला उरलेला नाही.