बाबांच्या माघारी पंखा

बाबा शेंद्र्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी कुणीतरी टाकून दिलेला जाड पडद्याचा कॉम्प्युटर पुंडलिकनगरच्या आमच्या घरी आणला. प्रिंटर जोडायच्या जागेतून वायरी काढून एका लाकडी खोक्यातून थेट बटणांपर्यंत नेल्या. त्यांच्या खोलीतला दिवा, पंखा, रेडिओ, अंगणातली मोटर, सगळं त्यावर चालायचं. काहीही सुरू-बंद झालं की त्या खोक्यात टक् वाजायचं.

बाबा गेले. तेराव्यानंतर पाहुणे परतले, घरात आई आणि मी उरलो. कॉम्प्युटर बंद करायचं आम्हाला सुचलंच नाही; मोटर तेवढी त्यावर रोज ठरल्या वेळी आपोआप लागत होती.

दोन-तीन दिवसांनी सकाळी आम्ही पोहे खात होतो. टक्. बाबांच्या खोलीत रेडिओ लागला. आई ताटलीकडे बघत राहिली. दुपारी जेवणं झाल्यावर आत पंखा सुरू झाला आणि चारला थांबला. बाबांची झोप तेवढीच असायची.

दुसऱ्या दिवशी तो दहा मिनिटं उशिरा थांबला. मला त्याचीच जास्त भीती वाटली. उठावंसं न वाटणारं माणूस लोळत पडतं, तसं होतं ते. मी दार ढकललं. रिकाम्या पलंगावरची चादर अजून थोडी हलत होती.

तिसऱ्या दिवशी पंखा थांबला तशी आई उठली आणि तिनं चहा टाकला. तीन कपांचा.

मग मात्र मी कॉम्प्युटरसमोर बसले. बाबांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये वरच एक टीप होती. मी ती आईला वाचून दाखवली. ‘पंधरा दिवस कुणी हात लावला नाही तर आपण गावाला गेलो समजायचं. माझ्या रोजच्या नोंदींप्रमाणं, दहा-पाच मिनिटं मागंपुढं करत घर चालवायचं. चोराला वाटलं पाहिजे, माणूस आत आहे.’

 आई म्हणाली, "बंद कर."

"राहू दे की थोडे दिवस. तुला सोबत वाटते ना?"

"नको गं. ते आत आहेत असं वाटतं अन् मला हाक मारत नाहीत. लई जड जातं."

मी बटण दाबलं. पडदा काळा झाला. आई दारात उभीच होती.

"आता मोटर कशी लावायची?" तिनं विचारलं.

मोटरचं मूळ बटण अंगणात, रंगाखाली बुजलेलं होतं. ते मी चाकूनं मोकळं केलं. आईनं दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. टाकीत पाणी पडायला लागेपर्यंत आम्ही तिथंच थांबलो.