मैदानाकडे पाठ

अक्कलकुव्याच्या मैदानाबाहेर एक म्हातारे बाबा शेंगदाणे भाजत बसले होते. आमच्या शहाद्याच्या संघाची फुटबॉलची मॅच बघायला आम्ही पोचलो होतो. पुडी बांधता बांधता ते सांगत होते, "पाणी संगे ठेवा. मावळतीकडे तोंड करीसन बसू नका, ऊन डोळामा जास. शेवटली जीप लवकर सुटस."

स्वतः मात्र मैदानाकडे पाठ करून बसलेले. मी म्हणालो, "बाबा, तुम्ही मॅच बघत नाही?"

"निंबकडना गोलमा मन्हा पोऱ्या उभा ऱ्हाये. तो मरी गया. आते कोणी बी उभं ऱ्हायनं, तरी माले तोच दिखस."

आमच्या संघाने एकच गोल केला आणि आम्ही जिंकलो. निघताना बाबांनी हळूच विचारलं, "कोणता गोलमा गया?"

गेला होता निंबाकडच्याच. मी म्हणालो, "दुसऱ्या."